खांब उभे राहीपर्यंत

आमच्या तालुक्याच्या बाजार समितीच्या फाटकावर गुलाबी दगडाचे चार खांब आहेत. त्यांनी काहीही पेललेलं नाही. वरचा स्लॅब मागच्या सिमेंटच्या खांबांवर टेकलेला आहे. हे चौघे त्याच्यापुढे, लग्नात नवरदेवाला खेटून उभ्या राहणाऱ्या पुढाऱ्यांसारखे, फोटोसाठी उभे आहेत. बाहेरगावचा माणूस त्यांच्याकडे बघून म्हणतो, "वा, शोभा आली." ते निवडणाऱ्या समितीत मी होतो, त्यामुळे हे ऐकून मलाही बरं वाटत असेल अशी लोकांची समजूत आहे. मला मात्र ते खांब दिसले की माझ्या थोरल्या बहिणीची मधली खोली आठवते, आणि इतकी वर्षं झाली तरी डोकं तापतं.

ताईचं गाव आमच्या शहरापासून जीपने तासाभरावर. घर म्हणजे पुढे ओसरी, मध्ये एक खोली, मागे स्वयंपाकघर. दार आणि खिडकी दोन्ही असलेली जागा ती मधली खोलीच. वेचणी सुरू झाली की कापूस त्या खोलीत पडायचा, आणि सरकारी खरेदीचा काटा सुरू झाला की बैलबंडीत बसून निघून जायचा. पण त्या वर्षांत काटा कधी सुरू होईल हे कोणालाच सांगता येत नसे. आधी मुंबईत बैठक व्हायची, मग नागपुरात. मग पोत्यांचा बारदाना नसायचा. बारदाना आला की कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर नसायचा. व्यापारी गावात येऊन कापूस उचलायला तयार असत, पण भाव असा सांगत की ऐकणाऱ्याने चहा न विचारता त्यांना वाटेला लावावं. म्हणून सगळे थांबून राहत. कापूस घरात आणि माणसं ओसरीवर.

ज्यांनी कापूस फक्त सदऱ्याच्या रूपात पाहिलाय त्यांना सांगायला हवं की घरात कोंडलेला कापूस दिसतो तसा गरीब नसतो. त्यात बारीक किडे होतात. अंगावर लाल पुरळ उठतं आणि माणूस बोलता बोलता, जेवता जेवता खाजवत राहतो. गावच्या डॉक्टरकडे त्या महिन्यांत एकच आजार आणि एकच मलम. लहान मुलांच्या पाठी बघवत नसत.

त्या वर्षी भाचीला दिवस गेले होते. पहिलीच वेळ. तिला वणीला, कोळशाच्या खाणीच्या कॉलनीत दिलेली. जावई खाणीत पक्क्या नोकरीला. क्वार्टरला नळ, जवळ दवाखाना, सगळं जिथल्या तिथे. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्या महिन्यात पोर घरी आणायची, हे ताईने लग्न ठरलं तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं. लग्नात मानपानावरून विहीणबाईंचं तिला बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. त्याचं उत्तर ती भांडून देणार नव्हती, या बाळंतपणातून देणार होती. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून तयार होती. बाज नव्याने विणून भिंतीला उभी केलेली होती. फक्त ती ठेवायला खोली नव्हती.

दिवाळी झाल्यावर विहीणबाई जागा बघायला आल्या. त्या दिवशी मी तिथेच होतो. त्यांनी मधल्या खोलीचं दार लोटलं, ते अर्धंच उघडलं. आतून कापसाने रेटलं होतं.

"हे काय वो?" त्यांनी विचारलं.

"कापूस आहे विहीणबाई. काटा लागला का निंगून जाते," ताई म्हणाली.

"आन पोरगी?"

"तिच्यासाठीच तर खोली आहे."

"खोली तर कापसाची दिसून राह्यली." विहीणबाई दोन पावलं मागे सरकल्या आणि मनगट खाजवू लागल्या. "तुमच्या इथं कापसाले जागा आहे, आमच्या सुनेले नाही. रिकामी झाली का सांगजा. मंग पाठवू."

भाऊजी मध्ये पडले. म्हणाले, "तुमी पाठवा तं खरं. आमी कापूस आंगणात काढतो."

"आन आभाळ आलं म्हंजे? मंग वापस आत टाकान, पोरीच्या उशाशी." विहीणबाई शेतकऱ्याच्याच घरात वाढल्या होत्या. त्यांना फसवणं अवघड होतं. खरं सांगायचं तर त्या चुकीचं काहीच बोलत नव्हत्या, आणि हेच ताईला जास्त लागलं.

याच आठवड्यात बाजार समितीच्या सभापतींनी मला बोलावलं. मी तेव्हा शहरातल्या कॉलेजात इतिहास शिकवत होतो. वर्षातून एकदा तिथल्याच वाचनालयात देवळांच्या शिल्पांवर पारदर्शिका दाखवून व्याख्यान द्यायचो. सभापती एकदा अध्यक्ष म्हणून त्याला आले होते आणि तासभर शांत झोपले होते. त्यातून त्यांनी एवढं मात्र लक्षात ठेवलं होतं की खांबांतलं मला कळतं.

"सर, यावर्षीच्या काटापूजनाले मोठे साहेब येऊन राह्यले," ते म्हणाले. "आपलं फाटक पाहा. म्हशीच्या गोठ्याले लावल्यासारखं दिसते. दगडाचे खांब पायजेत. भव्य. तुमी शिकले-सवरले माणसं, तुमी खांब समितीत या."

काटापूजन म्हणजे हंगामाच्या पहिल्या दिवशी वजनकाट्याला हार घालायचा, नारळ फोडायचा आणि पहिल्या बंडीच्या मालकाला शेला-टोपी द्यायची. हा विधी पूर्वी हमाल आणि ग्रेडर मिळून चहा थंड व्हायच्या आत उरकत. आता त्याला मोठे साहेब लागणार होते, साहेबांना फाटक लागणार होतं आणि फाटकाला खांब. खांब उभे झाल्याशिवाय काटा लागणार नाही, हे सभापतींनी इतक्या सहज सांगितलं की जणू वजन खांबांवरच करायचं होतं. वाळू-गिट्टीचे ढीग तर येऊन पडलेच होते. बंड्या जायच्या वाटेवरच.

मी नाही म्हणणार होतो. ताईला तसं सांगितलंही.

"नाही कायले म्हणतं?" ती म्हणाली. "तू आत राह्यला तं काटा कधी लागते ते तरी समजन. बाहेरून कोण सांगते आमाले?"

म्हणून मी आत गेलो.

दगड निवडायला आम्ही समितीचे लोक दोन जीप करून नागपूरला गेलो. मी वाटेत सुचवून पाहिलं की आपल्याकडे काळा दगड चिक्कार आहे, जुनी हेमाडपंती देवळं सगळी त्याचीच आहेत, दगड घडवणारी माणसंही जिल्ह्यात आहेत, काम लवकर होईल. 'लवकर' या शब्दावर मी मुद्दाम जोर दिला.

"काळा दगड?" सभापती मागे वळून म्हणाले. "सर, तो देवळाच्या पायरीले लागते, नाही तं मसणात."

जीपमधले सगळे हसले आणि काळा दगड तिथेच संपला. दुकानात गुलाबी राजस्थानी दगड पाहिल्याबरोबर सगळ्यांचं एकमत झालं. एकमत व्हायला अजून नक्षी बाकी होती. दुकानदाराने नमुन्यांचं पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर कमळ.

"सुंदर आहे," समितीतला एक जण म्हणाला.

"सुंदर आहे, पण कोनाचं आहे ते पाहा," दुसरा म्हणाला.

पान उलटलं. हत्ती निघाला. हत्तीवर कोणी बोललंच नाही, नुसतं एकमेकांकडे बघितलं आणि पान पुन्हा उलटलं. मोर निघाला. मोर चालला असता, पण सभापतींना मागच्या निवडणुकीत ज्या अपक्षाने घाम फोडला होता त्याची निशाणी मोर होती. सूर्य निघाला, चक्र निघालं, नारळ निघाला. आपल्या देशात मतपत्रिकेवर न गेलेली एकही वस्तू शिल्लक नाही हे मला त्या दिवशी कळलं. दुकानदार बिचारा परप्रांतीय. प्रत्येक नकारानंतर तो अधिक महागाचं पान उघडत होता.

शेवटी सभापतींना स्फुरलं. "कापसाचं बोंड कोरा. खांबाच्या डोक्यावर, चारी बाजूनं फुटलेलं."

टाळ्या पडल्या. राजस्थानातल्या ज्या माणसाने ते कोरायचं होतं त्याने कापसाचं झाड बहुधा पाहिलेलं नव्हतं. त्याच्यासाठी एका बियाण्याच्या पिशवीवरचं चित्र कापून दिलं गेलं. खांब कोरून यायला महिना लागेल असं दुकानदार म्हणाला. मी परत येऊन ताईला निरोप धाडला.

दगड वाटेत असताना अभियंत्याने खांबांच्या जागा आखायला घेतल्या. त्याने विचारलं की मधल्या दोन खांबांत अंतर किती सोडायचं, बंडी किती रुंद असते.

आता हे लक्षात घ्यायला हवं की त्या समितीत कापूस न पिकवणारा माणूस मी एकटाच होतो. बाकी सगळ्यांच्या दोन-दोन पिढ्या कापसाच्या बंडीवर बसून शहरात आलेल्या. पण विचारल्यावर सगळ्यांनी सभापतींकडे पाहिलं, आणि सभापती म्हणाले, "माही बंडी आणून मोजा ना. तिच्यापरीस मोठी कोनाची आहे?"

ती बंडी मी ओळखत होतो. सगळा तालुका ओळखत होता. पोळ्याला, मिरवणुकीला आणि काटापूजनाला निघायची. एरवी सभापतींच्या बंगल्यामागे ताडपत्रीखाली उभी. चाकांना तेलरंग, जुवाला घुंगरं. काटापूजनाच्या दिवशी तिच्यात खाली कडबा भरून वर कापसाचा पातळ थर पसरत आणि मध्ये झेंडू रोवत. वावरातली ढेकळं तिने कधी पाहिली नव्हती. ती बंडी आली. फक्कीच्या रेघांमधून डौलात गेली. दोन्ही बाजूंना वीत-वीत जागा उरली. अभियंत्याने खुणेचे खुंटे ठोकले.

महिन्याचे किती झाले ते मोजण्यात अर्थ नाही. ट्रक आला तेव्हा भाचीला सातवा सरून गेला होता. खांब प्रत्येकी तीन तुकड्यांत होते. खाली चौरस बैठक, मध्ये दांडा, वर बोंडाचं डोकं. ते उचलायला क्रेन हवी आणि क्रेन वणीहून येणार, कोळशाच्या डेपोवरून. एका संध्याकाळी ती आली आणि दुसऱ्या सकाळी कामाला लागली. दुपारी पाहतो तर गुलाबी खांबांना कमरेभोवती काळे कुट्ट पट्टे. क्रेनच्या दोराने वर्षानुवर्षं कोळसा खाल्लेला. त्याने काही आमच्यासाठी आंघोळ केली नव्हती.

पाण्याने पट्टे निघेनात. साबणाने ते पसरले. कोणी तरी तेजाब सुचवलं. तेजाबाने काळं गेलं आणि त्या जागी पिवळं आलं. एक खांब तर कावीळ झाल्यासारखा दिसू लागला. मग राजस्थानातून घासणारी माणसं बोलावली. त्यांनी दगड घासून त्याचा वरचा पापुद्रा काढेपर्यंत साहेबांची तारीख टळली. नवी तारीख मिळेपर्यंत काटा बंद. तालुक्यातली सगळी गावं घरातला कापूस सांभाळत बसली होती, आणि आम्ही इकडे खांबांना आंघोळ घालत होतो. समितीच्या बैठकीत मी म्हटलं की पूजन नंतर होऊ द्या, मागच्या भिंतीतून वाट काढून काटा तेवढा सुरू करा.

"पूजेच्या आधी वजन?" सभापती असे दचकले की जणू मी लग्नाआधी बारसं सुचवलं. "सर, संस्थेची काही परंपरा असते."

ताई आठवडी बाजाराला आली तेव्हा मी तिला फाटकाजवळ घेऊन गेलो. आभाळ भरून आलं होतं. पाऊस येऊन पॉलिश बिघडू नये म्हणून खांबांना वरपासून खालपर्यंत प्लॅस्टिक गुंडाळलं होतं आणि वरून पोती बांधली होती. फक्त डोकी उघडी.

"यायले पांघरूण घातलं वाटते," ती म्हणाली.

तेवढ्यात सभापती तिथे आले. ते रोज त्या वेळी खांब बघायला येत. त्यांनी ताईला नमस्कार केला. "ताई, कसे वाटले?"

ती मान वर करून बघत होती. "वरतं हे काय कोरलं? फुलकोबी?"

"कापसाचं बोंड आहे ते."

"असं बोंड माह्या वावरात आलं तं मी फवारा मारीन." मग ती खाली बघून सरळ म्हणाली, "काटा कधी लावता, सभापती? माही पोरगी आठव्यात आहे. खोली रिकामी झाल्याबिगर तिकडचे पाठवत नाही."

"अरे वा, अभिनंदन," सभापती म्हणाले. "साहेबाची तारीख भेटू द्या. लगेच लावू."

जीपच्या थांब्यावर ताई म्हणाली, "अभिनंदन म्हणे," आणि जीपमध्ये चढली.

काटापूजन शेवटी झालं. मांडव, स्पीकर, पोलीस, सगळं. रस्त्यावर पहाटेपासून बंड्यांची रांग लागली होती, तालुक्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचावी अशी. भाऊजींची बंडी तिसरी होती. ताई बंडीवर, कापसावर बसून आली होती. बाया सहसा येत नाहीत. "हा कापूस जातांना मले डोळ्यानं पाह्यचा आहे," असं तिने भाऊजींना सांगितलं होतं.

सभापतींची रंगवलेली बंडी वाजत गाजत खांबांमधून आत गेली. सभापतींनी सभापतींच्याच गड्याला शेला-टोपी दिली. साहेब बोलायला उभे राहिले. बोलता बोलता त्यांची नजर खांबांवर गेली आणि ते थबकले. म्हणाले की या कापसाच्या पट्ट्यात फुलकोबीला असं मानाचं स्थान देऊन तुम्ही पीकबदलाचा संदेश साऱ्या राज्याला दिला आहे, शेतकऱ्याने आता भाजीपाल्याकडे वळलंच पाहिजे. सभापतींनी टाळ्यांना सुरुवात केली आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. साहेबांना अजून दोन ठिकाणी जायचं होतं. गाड्या गेल्या, धूळ खाली बसली आणि रांगेतली पहिली खरी बंडी फाटकाशी आली.

खरी बंडी म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. कापूस हलका आणि फुगीर. म्हणून बंडीच्या दोन्ही बाजूंना बांबूचे दांडे बाहेर झुकवून बांधतात, त्यांना पोत्यांची पाल ताणतात आणि त्यात माणूस उतरून कापूस तुडवत तुडवत भरतो. भरलेली बंडी खाली जेवढी रुंद असते त्याच्या दीडपट वर होते. लांबून बघितलं तर बैल दिसत नाहीत, एक ढग चाललेला दिसतो. हे तिथल्या प्रत्येकाला जन्मापासून ठाऊक होतं. ठाऊक होतं आणि तरीही आठवलं नव्हतं, कारण इतकी वर्षं काटापूजन ते मांडवातून बघत आले होते आणि मांडवातून फक्त एकच बंडी दिसते.

पहिल्या बंडीचे दांडे खांबांना लागले आणि ती थांबली. मालकाने बैलांना चुचकारलं. पाल टरकन फाटली आणि दगडी बोंडांना खरा कापूस चिकटला.

"मागं घ्या, मागं घ्या," सभापती धावत आले. "खांबाले लागन."

"खांबाले नाही लागत, खांब मले लागून राह्यला," बंडीवाला म्हणाला.

मागून आवाज आला, "अबे, फुलकोबी आन. फुलकोबीची बंडी जाते आत."

हसणं रांगेत मागे मागे पसरत गेलं, आणि ते चांगलं हसणं नव्हतं. समितीने उभ्या उभ्या बैठक घेतली. मी म्हटलं, मधले दोन खांब काढा. माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. निर्णय झाला तो असा की शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर उतरवावा, गठ्ठे बांधावेत आणि हमालांकरवी डोक्यावरून आत न्यावा. हमाली शेतकऱ्याने द्यावी. ज्यांना ते जमत नसेल त्यांनी आज परत जावं, समिती दोन-चार दिवसांत मार्ग काढेल.

परत जावं, हे ऐकलं आणि ताई बंडीवरून खाली उतरली. पुढच्या दोन बंड्या बाजूला सरकल्या होत्या. तिने आपली बंडी खांबांच्या तोंडाशी आणायला लावली.

"सोडा पाल," ती भाऊजींना म्हणाली.

"अवो, थांब जराशी. हे लोकं बोलून राह्यले ना."

"बोलू द्या. हा कापूस माह्या घरी वापस येत नाही. सोडा म्हणते ना."

भाऊजींनी गाठ सोडली. कापूस ओघळला तो थेट खांबांच्या बैठकींवर, त्या स्लॅबच्या सावलीत, साहेबांसाठी अंथरलेला लाल गालिचा अजून उचलला नव्हता त्याच्यावर. ताई हाताने ओढून ओढून काढत होती. तिच्या केसांत, पापण्यांवर, पदरावर सगळीकडे कापूस होता.

"ताई, इथं नाही टाकाचा," सभापती म्हणाले. "रस्ता आहे हा."

"रस्ता असता तं बंडी गेली असती."

मग पहिल्या बंडीवाल्याने पाल सोडली. दुसऱ्याने सोडली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. दुपारपर्यंत चारही खांब छातीपर्यंत कापसात बुडाले होते आणि फुलकोब्या वरून बघत होत्या. सभापती माझ्याजवळ आले. "सर, तुमची बहीण आहे ना? समजवा जरासं."

"दोन महिने मी तिला समजावतच होतो," मी म्हटलं. "तुमच्याच वतीने. आता तुम्ही समजवा."

शेवटी काटा उचलून फाटकाबाहेर आणावा लागला. ग्रेडर कापसाच्या ढिगात खुर्ची टाकून बसला आणि वजनं सुरू झाली. हे दिवाळीतही करता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी ताईने मधली खोली झाडली. भिंतींना चुना दिला. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी केली, दार लावून घेतलं, उघडलं, पुन्हा केली. शेणाने सारवलं. बाज खिडकीखाली टाकली. मग ती शहरात आली आणि माझ्यासोबत फोनच्या बूथवर येऊन तिने वणीला फोन लावला. विहीणबाईच बोलल्या. काचेच्या आत मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता.

"आता कशी पाठवू, विहीणबाई? नववा लागला. डॉक्टर प्रवासाले नाही म्हणते. रस्ते कसे आहेत तुमच्याकडचे."

ताईने दोनदा विनवलं. तिला विनवताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग भाची फोनवर आली. तिने विचारलं असावं की खोली कशी झाली, कारण ताई सांगत बसली की चुना कसा बसला, बाज कुठे टाकली, खिडकीतून ऊन कुठवर येतं. मीटरवरचे आकडे पळत होते आणि मी नोटा हातात धरून उभा होतो.

मुलगी झाली. खाणीच्या दवाखान्यात, सुखरूप. आम्ही वणीला गेलो तेव्हा विहीणबाईंनी ताईला खुर्ची दिली, चहा दिला, बिस्किटं दिली, जसं पाहुण्यांना देतात. ताईने दुपटी काढून दिली. त्यांनी ती कौतुकाने बघितली आणि कपाटात ठेवली. बाळाला न्हाऊ घालायला एक बाई लावलेली होती. ताई उठून तिच्याजवळ गेली तेव्हा ती बाई म्हणाली, "बसा तुमी, मी करते." ताई परत येऊन खुर्चीवर बसली.

येताना बस आमच्या शहरात बाजार समितीपाशी थांबते. सभापती फाटकात उभे होते. खांब झाडून पुसून स्वच्छ केलेले. त्यांना बातमी कळली होती.

"ताई, आजी झाल्या म्हणते. पेढे कुठं आहेत?"

"माह्या घरी झालं असतं तं वाटले असते," ताई म्हणाली. "तुमी तं तवा खांब लावून राह्यलते."

सभापती हसले. त्यांना ती गंमत वाटली.

मी त्याच आठवड्यात समिती सोडली. त्यांनी राजीनाम्यावर चर्चासुद्धा केली नाही. पुढच्या हंगामापूर्वी मागची भिंत फोडून बंड्यांसाठी वाट काढली गेली आणि पुढचं फाटक जीपगाड्यांना राहिलं. खांबांवर समितीच्या सदस्यांची नावं कोरली आहेत. माझं खोडायला सांगितलं तर म्हणाले, दगडावरचं खोडता येत नाही.

सव्वा महिना झाल्यावर भाची बाळाला घेऊन आली. ताईने तिला मधल्या खोलीत ठेवलं. चार दिवस राहिली, पाहुणीसारखी, आणि जावई न्यायला आला तशी परत गेली.